आधी त्याला दाखवा

आमच्या लोकांच्या कार्यक्रमात सगळ्यात आधी सोफे येतात, माणसं नंतर. रियाधच्या बाहेर एका दिवसासाठी इस्तिराहा भाड्याने घ्यायचा, म्हणजे थोडी हिरवळ, एक लांबलचक बैठकीची खोली आणि मागे स्वयंपाकघर असलेली जागा. आणि मग आमच्या पुरुषांनी तासभर वाद घालायचा, की मधला सोफा कुणाचा. मधला प्रमुख पाहुण्यांचा. त्याच्या शेजारचे दोन, ज्यांनी जेवणाचा भार उचलला त्यांचे. मागे गादीच्या खुर्च्या डॉक्टर-इंजिनियरांना, त्यामागे प्लास्टिकच्या. ज्यांच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, कामगार असं लिहिलेलं असतं ते भिंतीला टेकून उभे राहतात, त्यांना तसं सांगावंही लागत नाही. मी एकोणीस वर्षं हे बघत आले, आणि खरं सांगायचं तर त्यातली अठरा वर्षं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता कुणी सोफा उचलताना दिसला तरी मी तिथून निघून जाते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माहेर-सासर दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यातलं, एकाच खाडीच्या दोन काठांवर. नवरा रियाधच्या अल मलाझ भागात एका कंपनीच्या ऑफिसात आहे आणि इथल्या कोकणी लोकांच्या मंडळाचा सेक्रेटरी आहे, म्हणजे सोफ्यांची वाटणी तोच करतो. पाणी, प्लेटा, पोरांचे नाच ही बायकांची कामं माझ्याकडे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात मी कोपऱ्यात उभी राहून बघणारी नव्हते.

आमच्या हॉस्पिटलात एक बंगाली डॉक्टर आहे. एकटीच राहायची. तिचे वडील सिनेमे काढायचे. नाचगाण्यांचे नव्हेत. बंद पडलेल्या ताग गिरण्या, चहाच्या मळ्यावरची टाळेबंदी, पुरात गेलेली गावं, असले. कोलकात्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा ती त्यांना इथे घेऊन आली. आठवड्यातून तीन दिवस घरी येऊन व्यायाम करून घेशील का, असं तिने मला विचारलं. तिची इमारत आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी हो म्हटलं.

त्यांचा उजवा हात आणि पाय लुळा पडला होता. बोलणं वाचलं होतं. डोळेही धड होते, पण दोन्ही डोळ्यांची उजव्या बाजूची अर्धी नजर गेली होती. ताटात उजवीकडे वाढलेली भाजी तशीच राहायची आणि ते मुलीवर ओरडायचे, भाजी कुठाय म्हणून. अशा पेशंटला आम्ही एक सवय लावतो. मान पूर्ण उजवीकडे फिरवायची आणि मगच बघायचं. मी दर दोन मिनिटांनी म्हणायचे, "मान फिरवा, सर."

"आयुष्यभर डावीकडे बघत आलो," ते म्हणायचे, "आणि आता या वयात तू मला उजवीकडे बघायला लावतेस, दीदीमोनी?"

दीदीमोनी म्हणजे शाळेतल्या बाई किंवा नर्स, त्यांच्याकडे असंच म्हणतात. आमचं बोलणं हिंदीत चालायचं, त्यांचं बंगाली वळणाचं, माझं कोकणी वळणाचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

पहिला महिनाभर मला त्यांचा रागच यायचा. त्यांना सगळ्याचीच शिसारी होती. इथले मॉल, एसीचा आवाज, मुलीच्या घरातल्या गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स, माझ्या अंगाला येणारा हॉस्पिटलचा वास, सगळ्याची. "मजुरांचे सिनेमे काढले," ते म्हणायचे, "आणि आता मजुरांनीच बांधलेल्या गार खोलीत बसून द्राक्षं खातो." आणि हे म्हणताना तोंडात द्राक्षंच असायची. एकदा मला राहवलं नाही. "मग खाऊ नका ना," मी म्हटलं. ते इतके हसले की ठसका लागला. त्या दिवसापासून आमचं जमलं.

त्यांचं आयुष्य मला असं तुकड्यातुकड्यांनी कळलं, दहा वेळा हात वर, दहा वेळा खाली, यांच्या मधल्या वेळात. वडील एका नदीकाठच्या गावात शाळामास्तर. सर स्वतः शिक्षण अर्धवट टाकून, प्रोजेक्टर बसच्या टपावर बांधून ताग गिरण्यांच्या वस्त्यांतून हिंडले. दोन बांबूंना चादर बांधायची आणि कामगारांना त्यांचाच संप दाखवायचा. पोलिसांनी प्रोजेक्टर उचलून नेला, यांनाही उचलून नेलं, काही महिने आत ठेवलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा डावा पक्ष राज्यावर बसला होता, आणि पक्षाच्या माणसांनी विचारलं की तुझ्या सिनेमातला कामगार दारू का पितो. त्याआधी सरकारी माणसं विचारायची की तुझ्या सिनेमातला कामगार उपाशी का. "दोघांना एकच हवं होतं," ते म्हणायचे, "धुतलेला माणूस." पक्षानेही त्यांना सोडलं. पुरस्कार मिळाले, त्यातला एक त्यांनी चिडून परत केला. तो आता कुठल्या तरी सरकारी कपाटात धूळ खात असेल, असं ते सांगायचे. तेव्हा त्यांच्या आवाजात पस्तावा असायचा की मिजास, ते मला कधी कळलं नाही. थोडं दोन्ही असावं.

पण एका गोष्टीत ते कधी हलले नाहीत. ज्याचा सिनेमा त्याला आधी दाखवायचा. पाहुण्यांच्या आधी, समीक्षकांच्या आधी, पक्षाच्या आधी. आणि तो नको म्हणाला तर तेवढा भाग कापायचा.

चहाच्या मळ्यावरच्या एका विधवेची गोष्ट त्यांनी मला तीनदा तरी सांगितली असेल. टाळेबंदीत नवरा गेला, त्यानंतर ती चुलीपुढे बसून रडते, असं त्यांनी टिपलं होतं. बाहेरच्या देशातल्या महोत्सवात सिनेमा घेतला होता. त्यांनी चादर बांधून तिला दाखवला. ती म्हणाली, मी लोकांसमोर रडत नाही, हे काढा. यांनी काढलं. सिनेमा तसाच गेला आणि तिकडच्या लोकांनी लिहिलं की कोरडा आहे.

"अजून राग येतो मला तिचा," ते म्हणाले. "माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र होतं ते. पण तोंड तिचं होतं."

चार महिन्यांनी मी त्यांना जिना चढायला-उतरायला लावू लागले. जिना नेहमी ओला असायचा, कारण त्या इमारतीचा हारिस कामाचा पक्का होता. हारिस म्हणजे राखणदार, झाडूवाला, गॅसचं सिलिंडर वर नेऊन देणारा, सगळं एकच. हा बांगलादेशचा, पन्नाशीतला, जिन्याखालच्या खोलीत राहायचा. वयाने माझ्याहून मोठाच असेल, पण मी त्याला अरे-तुरे करायचे. आम्ही दिसलो की तो बादली बाजूला घ्यायचा आणि कोरड्या फडक्याने पुढच्या चार पायऱ्या पुसायचा. त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि सर जागच्या जागी थांबले. आपली भाषा कानावर पडल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मी खांद्याला हात लावला, वाटलं पुन्हा झटका येतो की काय.

मग व्यायाम जिन्यावरच लांबू लागला. सर लँडिंगवर खुर्ची टाकून बसायचे, तो पायरीवर. मला बंगाली येत नाही, पण इतकी वर्षं हॉस्पिटलात ऐकून अर्धी कळते. आणि एके दिवशी सरांनी डाव्या हाताने फोन धरला आणि त्याला टिपायला सुरुवात केली. उजवीकडचं दिसत नसल्यामुळे चित्रात उजवीकडे नेहमी काहीतरी कापलं जायचं. कधी बादली अर्धी, कधी दार.

अकरा मिनिटांचा सिनेमा झाला. डॉक्टरने आपला एक जुना पांढरा कोट हारिसला फरशी पुसायला म्हणून दिला होता. त्याने तो पुसायला घेतलाच नाही. धुतला, गादीखाली ठेवून इस्त्री केल्यासारखा सपाट केला आणि खुंटीला लावला. शुक्रवारी तो अंघोळ करतो, केसांना तेल लावतो, कोट घालतो, लॉबीतल्या आरशासमोर उभा राहतो आणि गावी व्हिडिओ कॉल लावतो. घरच्यांना वाटतं तो हॉस्पिटलात आहे, डॉक्टरांच्या हाताखाली. आज पेशंट फार होते, असं तो बायकोला सांगतो. बायको विचारते, जेवलात का. फोन बंद झाल्यावर तो कोट काढतो, घडी घालतो, बादली उचलतो आणि ज्या आरशात बघत होता तोच आरसा पुसतो. एवढंच. सरांच्या मुलीने लॅपटॉपवर जोडून दिलं आणि खाली हिंदीत अक्षरं टाकली. मी पाहिलं तेव्हा मला हसू आलं, आणि मग हसू आल्याची लाज वाटली. लाज लवकरच गेली. असल्या बाबतीत माझी लाज फार टिकत नाही.

नवऱ्याला कळलं की मी ज्यांच्याकडे जाते ते मोठे दिग्दर्शक आहेत, तेव्हा तो उठूनच बसला.

"अगो, मग सांगायचं नाय? सत्कार करूया त्यांचा. पडद्यावर काहीतरी दाखवू त्यांचं. राजकारणाचं नसलं म्हणजे झालं."

"एका हारिसचं आहे."

"विनोदी हाय काय?"

"थोडंसं."

"मग चालेल," तो म्हणाला आणि सोफ्यांच्या विचाराला लागला.

मला वाटलं होतं सर शिव्या देतील. त्यांनी दिल्याच, सत्काराला. पण सिनेमा मोठ्या पडद्यावर दिसेल, हे ऐकून शिव्या थांबल्या. त्यांनाही हौस होती, मी कशाला झाकू? मग त्यांनी मला समोर बसवून नीट सांगितलं. संध्याकाळी सातला ते मुलीबरोबर येतील, त्यांना दोन तासांपेक्षा जास्त बसवत नव्हतं. हारिसला मी आधी घेऊन जायचं. पाच वाजता, माणसं यायच्या आत, त्याला एकट्याला पडद्यावर सिनेमा दाखवायचा.

"फोनवर का नाही दाखवत?" मी विचारलं.

"फोनवर सगळे बरे दिसतात. आपण लोकांना केवढे दिसणार आहोत, ते त्याला कळलं पाहिजे." मग म्हणाले, "तू पडद्याकडे बघायचं नाहीस. त्याच्या तोंडाकडे बघायचं. संपलं की विचारायचं. नको म्हणाला तर माझ्या गळ्यात हार घाला, भाषणं करा, काय वाटेल तो तमाशा करा. सिनेमा दाखवायचा नाही."

मी हो म्हटलं. किती सहज म्हटलं.

तो शुक्रवारचा दिवस, फेब्रुवारीतला, छान हवा होती. हारिस इमारतीखाली उभा होता. फिकट पिवळा शर्ट, कडक इस्त्रीचा, आणि अत्तर. गाडीत मागे बसला, मांडीवर आमचा स्पीकर घेऊन. वाटेत त्याने हिंदीत विचारलं, "मॅडम, बहुत बड़ा दिखेगा?"

"हाँ. दीवार जितना."

त्याने मांडीवरचा स्पीकर नीट धरला. मग म्हणाला की त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय. मुलाकडचे शिकलेले लोक आहेत. त्यांना सांगितलंय की बाप हॉस्पिटलात आहे. "सरने बोला है, मैं ना बोल सकता हूँ. कोट उतारने वाला दिखता है तो मैं ना बोलेगा, मॅडम. आप बुरा नहीं मानना."

म्हणजे मला माहीत होतं. हे मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगते, कारण मन फार चलाख असतं, ते हळूच म्हणायला लागतं की तुला काय कल्पना होती. पूर्ण कल्पना होती. साडेचार वाजता गाडीतून उतरले तेव्हाच मला माहीत होतं की हा माणूस नको म्हणणार आणि नवऱ्याचा कार्यक्रम अर्धा होणार.

आत पडद्यावर पोरांच्या नाचाची तालीम चालली होती, मागे रंगीत व्हिडिओ लावून. आमची मुलगीच त्यात पुढे होती. मी म्हटलं, पडदा जरा सोड. "मम्मा, जस्ट टेन मिनिट्स!" ती म्हणाली. मी हारिसला म्हटलं, बस जरा. रिकाम्या खुर्च्या शंभर होत्या. तो बसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला, त्या कडक शर्टात.

आणि मी म्हणाले, "उभाच आहेस तर जरा या खुर्च्या लावतोस?"

हे वाक्य आमच्या लोकांत रोज बोललं जातं. घरी, गावी, लग्नात, मय्यतीत. चांगले कपडे घालून आलेला गरीब माणूस नुसता उभा दिसला की आमच्या हाताला खाज सुटते. त्याने खुर्च्या लावल्या. मग पाण्याची खोकी आली. मग बिर्याणीची डेग आली आणि ती उतरवायला चार माणसं हवी होती, तीनच होती. सहा वाजता तालीम संपली, पडदा पांढरा झाला आणि तसाच पंधरा मिनिटं पांढरा राहिला. मी तो पाहिला. अकरा मिनिटं पुरली असती. मागे जाऊन त्याला हाक मारायची, एवढंच होतं. मी उभी राहून पडद्याकडे बघत राहिले आणि मग प्लास्टिकचे चमचे मोजायला गेले.

सात वाजता सर आले. मुलीने धरून त्यांना मधल्या सोफ्यावर बसवलं. प्रमुख पाहुणे, एका मोठ्या दुकानाचे मालक, त्यांच्या शेजारी पाय पसरून बसले. सरांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

"दाखवलंस?"

"हो."

"काय म्हणाला?"

"हो म्हणाला."

"तोंड कसं होतं?"

मला इतकंही विचारतील असं वाटलं नव्हतं. "हसला," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा असा खुलला की तो मला अजून दिसतो. आणि मग त्यांनी शिकवल्याप्रमाणे हळूहळू मान उजवीकडे फिरवायला सुरुवात केली, त्याला शोधायला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मागे बसलाय, सर. राहू द्या, त्रास होईल." इतके महिने मी त्या माणसाला मान फिरवायला शिकवत होते, आणि त्या दिवशी मीच ती थांबवली.

दिवे गेले. सिनेमा लागला. लोक पहिली दोन मिनिटं बोलत राहिले, मग कोट आला आणि हसू लागले. आज पेशंट फार होते, असं तो म्हणाला तेव्हा प्रमुख पाहुण्यांनी मांडीवर थाप मारली. कुणीतरी शिटी वाजवली. बायको विचारते, जेवलात का, तिथेही हसले. तिथे हसण्यासारखं काय होतं? पण एकदा हसू सुटलं की आमची माणसं थांबत नाहीत. निम्म्या लोकांच्या हातात फोन होते आणि ते पडदा टिपत होते. माझा नवराही.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि हारिस चहाचा ट्रे घेऊन आत आला. स्वयंपाकघरातल्या बायकांनी त्याच्या हातात दिला होता, नेऊन दे म्हणून. त्याने वर पाहिलं. भिंतीएवढा तो स्वतः कोट काढत होता.

तो तिथे उभा राहिला. किती वेळ, मला सांगता येणार नाही. पडद्यावर त्याने कोटाची घडी घातली, बादली उचलली, आरसा पुसला. मी आयुष्यात पहिल्यांदा, सांगितल्याप्रमाणे, पडद्याकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यावर राग नव्हता. आपलं काहीतरी रस्त्यावर पडलंय, लोक त्यावरून चाललेत आणि उचलायला वाकताही येत नाही, तसा तो बघत होता.

दिवे आले. टाळ्या. आणि मग त्याने काय करावं? चहा वाटायला सुरुवात केली. ट्रे हातात होता ना. "अरे, डॉक्टरसाहेब आले!" कुणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा. एकाने त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला, कप हातात तसाच. मला त्या क्षणी त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाची किळस आली. तेलकट बोटं, परफ्यूम, पसरलेले पाय, दात. आणि त्यात मी होते, कोपऱ्यात पदर सावरत हसत. हो, मीही हसत होते. चेहरा तसाच राहिला होता.

नवरा सरांच्या खांद्यावर शाल घालत असतानाच चहाचा कप त्यांच्या उजव्या बाजूने आला. त्यांना तो दिसला नाही, पण कपाचा आवाज ऐकू आला. त्यांनी मान फिरवली. पूर्ण फिरवली, मी शिकवली होती तशी. समोर हारिस ट्रे घेऊन वाकलेला.

सरांनी त्याला बंगालीत विचारलं, "पाहिलंस ना पाच वाजता?"

तो म्हणाला, "आत्ता पाहिलं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डाव्या हाताने शाल खांद्यावरून काढायला सुरुवात केली. एका हाताने ते जमेना, ती मानेत अडकली. ओढत राहिले, ओढत राहिले, शेवटी शाल खाली पडली. लोकांना वाटलं त्यांना उकडतंय. कुणीतरी एसी वाढवला.

नवऱ्याने त्याच रात्री मंडळाच्या फेसबुकवर टाकलं. कोटाचा भाग तेवढा कापून घेतला होता, कारण लोकांना तो आवडला होता. मी सकाळी पाहिलं आणि काढ म्हणून भांडले. त्याने काढलं, कुरकुरत. "एवढं काय झालं? मशहूर झाला तो." तोवर ते पुढे गेलं होतं. इथल्या हारिसांच्या, ड्रायव्हरांच्या फोनमधून फिरलं, आणि कुणीतरी त्याला विनोदी गाणं जोडलं. तिसऱ्या दिवशी त्याच्या गावात पोचलं.

आठवडाभर मी तब्येतीचं कारण सांगून गेले नाही. मग डॉक्टरचा फोन आला, बाबा म्हणतात व्यायाम बंद पडलाय, कधी येतेस. मी गेले. जिना ओला होता. हारिस खालून चौथ्या पायरीवर बसून पुसत होता आणि त्याच्या हातात तो पांढरा कोट होता. एक बाही बादलीत बुडलेली.

मी थांबले. काहीतरी म्हणायला हवं होतं. "घर पे सब ठीक?" असलं काहीतरी माझ्या तोंडून गेलं.

"लड़के वालों ने मना कर दिया, मॅडम," तो म्हणाला. "बेटी फोन नहीं उठाती." आणि पुढच्या चार पायऱ्या त्याने मला कोरड्या करून दिल्या, नेहमीसारख्या. मी त्यांच्यावरून वर गेले.

सर खिडकीशी बसले होते. मला वाटलं घराबाहेर काढतील. त्यांनी पुस्तकांच्या ढिगावर फोन उभा केला, माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "बस. त्या दिवशी काय झालं ते सांग. सगळं सांग."

मी सांगितलं. खुर्च्या, खोकी, डेग, पांढरा पडदा, चमचे. तो गाडीत काय म्हणाला होता तेही. मध्ये रडले, नाक पुसलं, पुन्हा सांगितलं. संपल्यावर मला हलकं वाटलं. लाज नाही मला, खरंच हलकं वाटलं. वाटलं, चला, बोलून टाकलं, सुटले एकदाची.

दोन दिवसांनी गेले तेव्हा त्यांनी मुलीकडून फोन टीव्हीला जोडून घेतला होता. टीव्ही भिंतीवर, चांगला मोठा. "बघ," ते म्हणाले. त्यावर मी होते. जाड हनुवटी, ओले डोळे, हातवारे. तो उभाच होता ना, सर, असं सांगणारी. प्रत्येक चार वाक्यांमागे एकदा, तो उभाच होता ना. आपण हे इतक्यांदा म्हणालो, हे मला माहीत नव्हतं. माझं मला बघवेना. मी नजर वळवली, तर सर टीव्हीकडे बघतच नव्हते. त्यांची मान पूर्ण उजवीकडे वळलेली होती आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "दाखवू? तुझ्याच मंडळात. त्याच भिंतीवर."

मला हारिस आठवला नाही. मला मंडळातल्या बायका आठवल्या, नवऱ्याचा चेहरा आठवला, गावी जावेच्या फोनवर हे पोचेल ते आठवलं.

"नको," मी म्हटलं.

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. फोन हातात घेतला, डाव्या अंगठ्याने शोधून पुसून टाकलं आणि पुसलं गेल्याचं मला दाखवलं. मग लुळा उजवा हात डाव्या हाताने उचलून माझ्या पुढ्यात ठेवला. मी दहापर्यंत मोजत तो वर केला, खाली केला.

आमच्या गावात अजून कुणाला काही कळलेलं नाही.